‘नेट गेलं’ म्हणजे नेमकं काय गेलं?

आमच्या घरात राउटरशेजारी एक वही असते, शाळेची, रेघांची. नेट बंद पडलं की त्या दिवशीची तारीख, काय दिसलं, काय केलं आणि दोष शेवटी कुठे निघाला, एवढं मी त्यात लिहून ठेवते. मी घरून भाषांतराचं काम करते. माझ्या टेबलावरच्या संगणकात डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार आहे आणि तो केबलने राउटरला जोडलेला आहे. सासऱ्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे, तो वायफायवर चालतो. ही दोन यंत्रं आणि मुलाचे अधूनमधूनचे प्रयोग यांनी वही आता निम्म्याच्या पुढे गेली आहे.

वही सुरू झाली ती एका वाया गेलेल्या रात्रीमुळे. सकाळी काम पाठवायचं होतं आणि एकही साइट उघडेना. मी दिसेल ती सेटिंग बदलत गेले, नेटवर्कची जोडणी पुसून नव्याने केली, कुठल्याशा जुन्या सल्ल्यातल्या चार ओळी एका फाइलमध्ये घातल्या. पहाटे तीनला नेट परत आलं. कशामुळे आलं ते कळलं नाही, म्हणजे शिकायला काहीच मिळालं नाही. शिवाय त्या रात्री घातलेली एक ओळ तशीच राहिली आणि दोन वर्षांनी तिनेच पुन्हा नेट पाडलं. ती गोष्ट पुढे येईलच.

तेव्हापासून एक नियम पाळते: दोष कुठे आहे ते कळेपर्यंत काही बदलायचं नाही, फक्त बघायचं. आणि बघत जायचं ते आपल्या जवळून लांब. आधी संगणकातलं कार्ड, मग केबल किंवा वायफाय, मग राउटरने दिलेला पत्ता, मग खुद्द राउटर, मग राउटरच्या पलीकडचं जग, आणि शेवटी साइटची नावं. पहिली तुटलेली कडी सापडली की तिथेच थांबायचं. कार्डच दिसत नसेल तर नावं शोधणाऱ्या सर्व्हरशी झटापट करण्यात वेळ जातो, हाती काही लागत नाही.

कमांडबद्दल एक सूचना आधीच देते. त्या मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत; टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. ‘आयपी ए’ म्हणजे आय आणि पी ही अक्षरं, मग मोकळी जागा, मग ए. सगळी अक्षरं लहान लिपीतली. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे मी तसं सांगितलं आहे.

संगणकाला हात लावण्याआधी

सासरे हाक मारतात, “अगं, नेट गेलंय का बघ जरा.” मी उलट विचारते, “बाबा, फोनवर चालतंय का?” हा प्रश्न अर्धं काम करतो. पण फोनवर बघताना मोबाइल डेटा बंद केलेला हवा. नाहीतर वायफाय मेलेलं असताना फोन गुपचूप मोबाइलच्या जाळ्यावर जातो आणि “फोनवर तर चालतंय” या उत्तरावर विसंबून आपण निष्पाप लॅपटॉपला फाडत बसतो. माझ्या वहीत ही चूक दोनदा आहे.

फोनवरही चालत नसेल तर लिनक्सचा संबंध नाही. डब्यांवरचे दिवे बघा. फायबरच्या जोडणीत तार जिथे घरात येते तिथे एक छोटा डबा असतो, त्याला ओएनटी म्हणतात. त्यावर ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर असावा. ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही. तार कुठेतरी तुटली किंवा फार मुडपली आहे. फायबर आत काचेची असते. ती सरळ करण्याच्या नादात ओढू नका, कंपनीला कळवा. दिवे ठीक दिसत असतील तर दोन्ही डबे बंद करा, आधी ओएनटी चालू करा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या आणि मगच राउटर चालू करा. मात्र बंद करण्यापूर्वी दिव्यांचा फोटो घ्या. पुन्हा चालू केल्यावर सगळं ठीक झालं तर काय बिघडलं होतं याचा तोच एक पुरावा उरतो.

फोनवर नेट चालतं आणि संगणकावर चालत नाही, असं नक्की झालं की टर्मिनल उघडायचं.

कार्ड दिसतं का

पहिली कमांड: ‘आयपी -बीआर ए’. बीआर म्हणजे थोडक्यात. तीन रकाने येतात: कार्डाचं नाव, त्याची अवस्था आणि पत्ता. पहिली ओळ ‘एलओ’ची असते, तो संगणकाचा स्वतःशी बोलायचा मार्ग, तो सोडून द्या. ‘ईएन’ने सुरू होणारं नाव केबलच्या कार्डाचं, ‘डब्ल्यूएल’ने सुरू होणारं वायफायचं. माझ्याकडे ‘ईएनपी३एस०’ आहे, बाबांकडे ‘डब्ल्यूएलपी२एस०’. पी आणि एस हे कार्ड कुठल्या बसवर, कुठल्या खाचेत आहे ते सांगतात. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये ‘ईटीएच०’ आणि ‘डब्ल्यूएलएएन०’ ही नावं असतात. २०१३ पासून सिस्टमडीने, म्हणजे लिनक्स सुरू होताना बाकीचे प्रोग्रॅम चालू करणाऱ्या व्यवस्थेने, नवी पद्धत आणली. तेव्हा कुठलीही कमांड उतरवताना नाव आपलं घाला. तसंच ‘आयएफकॉन्फिग’ ही जुनी कमांड नव्या वितरणांत बहुधा नसते. ती नाही म्हणजे काही मोडलंय असं नाही. तिची जागा ‘आयपी’ने घेतली आहे.

डब्ल्यूएलने सुरू होणारी ओळच नसेल तर लिनक्सला वायफायचं कार्ड चालवता येत नाहीये. ‘एलएसपीसीआय -के’ टाका आणि यादीत नेटवर्क कंट्रोलर शोधा. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ असायला हवी. कार्ड दिसतंय पण ही ओळ नाही, तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, नाही. यूएसबीत खोचायचं कार्ड असेल तर ते ‘एलएसयूएसबी’त दिसेल. मग ‘सुडो डीएमईएसजी’ टाकून फर्मवेअरचा उल्लेख असलेल्या ओळी बघा. (‘सुडो’ लावलं की कमांड रूटच्या, म्हणजे यंत्राच्या मुख्य मालकाच्या, हक्काने चालते.) ‘फेल्ड टू लोड’ असं दिसलं तर ड्रायव्हर आहे, पण कार्डाच्या आत चढवायची फाइल नाही. डेबियनमध्ये हे पूर्वी फार व्हायचं, कारण मुक्त परवान्यात न बसणारं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायचं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते समाविष्ट झालं आणि नव्याने लिनक्स घेणाऱ्यांचा मोठा त्रास वाचला.

फर्मवेअर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी फर्मवेअर हवं, या कोंडीतून सुटायला फोन आहे. फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक अँड्रॉइड फोन लिनक्सला केबलच्या कार्डासारखे दिसतात आणि वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मला ही युक्ती उशिरा कळली. त्याआधी मी पेनड्राइव्हवर फाइली नेऊन एकेक अडलेलं पॅकेज बसवत असे.

काल चालणारं वायफाय आज अपडेटनंतर नाहीसं झालं असेल तर संगणक पुन्हा सुरू करताना अगदी आधी येणाऱ्या ग्रबच्या यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि आधीचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, निवडा. त्यात चाललं तर दोष नव्या कर्नलशी जुळवून घेण्यात आहे. जुन्यावर काम चालू ठेवा आणि पुढच्या अपडेटची वाट बघा, किंवा ड्रायव्हर वेगळा बसवलेला असेल तर तो पुन्हा बसवा.

कार्ड दिसतंय पण वायफाय चालूच होत नाही, तर ‘आरएफकिल लिस्ट’. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने सुटतं. ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ असेल तर कमांडने सुटत नाही, लॅपटॉपच्या कडेला सरकणारं बटण किंवा वरच्या ओळीतली एखादी कळ शोधा. बाबांच्या लॅपटॉपवर विमानाचं चित्र असलेली कळ आवाज वाढवण्याच्या कळीला चिकटून आहे. वहीत बाबांच्या नावापुढे सगळ्यात जास्त वेळा तीच कळ आहे, म्हणून आम्ही तिच्यावर रंगीत चिकटपट्टी लावली.

केबल

‘आयपी -बीआर ए’मध्ये केबलच्या कार्डापुढे ‘डाउन’ दिसलं आणि त्याच ओळीचा तपशील ‘आयपी लिंक’ने बघितल्यावर ‘नो-कॅरियर’ दिसलं, तर केबलच्या दुसऱ्या टोकाला कोणी जिवंत नाही असा अर्थ होतो. केबल दोन्ही टोकांना टक्‌ आवाज येईपर्यंत बसवा, राउटरचं दुसरं भोक वापरून बघा, दुसरी केबल लावा. याच क्रमाने, आणि दर वेळी एकच बदल.

पूर्ण मेलेली केबल लगेच सापडते. छळते ती अर्धी मेलेली. एकदा खोलीतलं सामान हलवल्यानंतर माझा वेग एकदम पडला. आधी तीनशेच्या आसपास येणारा वेग नव्वदच्या वर जाईना. बाकी सगळं सुरळीत. आठवडाभर मला वाटत राहिलं की कंपनीकडे गर्दी आहे. मग ‘सुडो ईथटूल ईएनपी३एस०’ टाकलं आणि ‘स्पीड’पुढे १००० ऐवजी १०० दिसलं. कारण असं: नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा, म्हणजे पिळलेल्या चार जोड्या असतात. सेकंदाला १००० मेगाबिट जाण्यासाठी चारही जोड्या लागतात. १०० साठी दोनच पुरतात. एखादी जोडी तुटली की कार्ड आणि राउटर बऱ्याचदा मुकाट्याने १०० वर तडजोड करतात आणि कुठेही चूक म्हणून नोंद दिसत नाही. टेबलाचा पाय केबलवर आला होता. केबल बदलली, आकडा १००० झाला. तेव्हापासून वेगाची तक्रार आली की मी सगळ्यात आधी हा आकडा बघते.

वायफाय

वायफायसाठी ‘आयडब्ल्यू डीईव्ही डब्ल्यूएलपी२एस० लिंक’. ‘नॉट कनेक्टेड’ आलं तर जोडणीच नाही. जोडणी असेल तर ‘सिग्नल’पुढे उणे चिन्हाचा आकडा येतो, डीबीएममध्ये. तो शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम, उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ कॉलपर्यंत सगळं चालतं, उणे ८० ला जोडणी तुटत राहते. या मोजपट्टीवर १० अंक खाली जाणं म्हणजे शक्ती दहावा हिस्सा होणं. उणे ६० आणि उणे ८० मध्ये शंभर पटींचा फरक आहे, हे लक्षात आलं की राउटर कपाटाच्या मागून काढून उघड्यावर ठेवण्याचं महत्त्व पटतं.

‘एनएमसीएलआय डीईव्ही वायफाय’ने आसपासचे सगळे राउटर, त्यांचे चॅनेल आणि सिग्नल दिसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल अनेक असले तरी एकमेकांवर न चढणारे नेहमीचे तीनच: १, ६ आणि ११. आपला राउटर ३ किंवा ९ वर असेल तर तो दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी भांडतो. शक्य असेल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा. तिथे गर्दी कमी असते, पण भिंती त्याला जास्त अडवतात. म्हणून दोन खोल्या पलीकडे बसणाऱ्या बाबांना मी २.४ वरच ठेवलं आहे. मायक्रोवेव्ह ओव्हन याच २.४ च्या पट्ट्यात काम करतो; ठरावीक वेळी दोन-तीन मिनिटं नेट अडकत असेल तर तोही एक संशयित.

लॅपटॉपवर काही मिनिटं काम नाही केलं की नेट सुस्तावतं, ही तक्रार वेगळी. पुष्कळदा कार्ड वीज वाचवायला झोपतं आणि वेळेवर उठत नाही. ‘सुडो आयडब्ल्यू डीईव्ही डब्ल्यूएलपी२एस० सेट पॉवर_सेव्ह ऑफ’ करून दिवसभर बघा. फरक पडला तर कायमचा बदल करा: ईटीसी, त्यात नेटवर्कमॅनेजर (एन आणि एम मोठे), त्यात कॉन्फ.डी या फोल्डरमधल्या फाइलमध्ये कनेक्शन या विभागाखाली ‘वायफाय.पॉवरसेव्ह = २’ लिहा. ३ म्हणजे झोपू दे, २ म्हणजे झोपू देऊ नको. बाबांच्या लॅपटॉपवर तिथे ३ होता. बॅटरी किंचित लवकर उतरते, पण त्यांची तक्रार थांबली.

पत्ता

पुन्हा ‘आयपी -बीआर ए’, या वेळी तिसरा रकाना. घरचा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो, काही राउटर १० ने सुरू होणारा देतात. तो असेल तर राउटरशी बोलणी झाली आहेत. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाने “मला पत्ता द्या” म्हणून हाका मारल्या, कोणी उत्तर दिलं नाही, आणि त्याने स्वतःच एक पत्ता ठरवून घेतला. त्या पत्त्यावरून बाहेर जाता येत नाही. रकाना रिकामा असेल तर तेवढंही झालं नाही.

अशा वेळी जोडणी एकदा सोडून पुन्हा धरायची: ‘एनएमसीएलआय डीईव्ही डिस्कनेक्ट’ आणि पुढे कार्डाचं नाव, मग तसंच ‘कनेक्ट’. न जमल्यास ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्कमॅनेजर’, यात एन आणि एम ही दोन अक्षरं मोठी. तरीही पत्ता मिळाला नाही तर ‘जर्नलसीटीएल -बी -यू नेटवर्कमॅनेजर’ने संगणक या वेळी सुरू केल्यापासूनच्या नोंदी वाचा. वायफायचा पासवर्ड चुकलाय की पत्ता देणाऱ्याने उत्तरच दिलं नाही, हे तिथे सरळ शब्दांत लिहिलेलं असतं. मीसुद्धा पूर्वी या नोंदींना घाबरून असे. शेवटच्या वीस ओळी वाचल्या तरी पुरतं.

एक विचित्र प्रकार सांगते. मध्यंतरी माझ्या संगणकावर सकाळी नेट असे, संगणक बंद करून दुपारी चालू केला की नसे. पत्ता दोन्ही वेळी १९२.१६८.१ ने सुरू होणारा, म्हणजे वरवर ठीक. ‘आयपी आर’ टाकून दोन्ही वेळची ‘डीफॉल्ट व्हाया’ची ओळ वहीत उतरवली तेव्हा फरक दिसला: एकदा १९२.१६८.१.१, एकदा १९२.१६८.१.२५४. मुलाने त्याच्या खोलीत सिग्नल यावा म्हणून जुना राउटर जोडला होता आणि तोही पत्ते वाटत होता. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता संगणक घेई, आणि जुना राउटर बाहेरचा रस्ता म्हणून स्वतःकडेच बोट दाखवी. जुन्या राउटरमधलं पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद केलं आणि केबल त्याच्या लॅन लिहिलेल्या भोकातच राहू दिली. तो आजही तिथे बिनतक्रार सिग्नल पुरवतो.

पिंग

‘आयपी आर’मध्ये ‘डीफॉल्ट व्हाया’पुढचा पत्ता हा राउटर. त्याला हाक मारा: ‘पिंग -सी ४ १९२.१६८.१.१’. -सी ४ म्हणजे चारच हाका. ते नसेल तर लिनक्सवर पिंग कंट्रोल आणि सी दाबेपर्यंत थांबत नाही. मग बाहेरच्या जगाला: ‘पिंग -सी ४ १.१.१.१’. तो क्लाउडफ्लेअरचा पत्ता आहे. ८.८.८.८ हा गुगलचा, ९.९.९.९ हा क्वाड९चा. मुद्दाम आकड्यांनीच हाक मारायची, म्हणजे नावांचा प्रश्न यात मिसळत नाही.

पिंग हा प्रोग्रॅम माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. नेटवर्क विचित्र वागत होतं, त्याचा माग काढायला. पाणबुडीतला सोनार आवाज सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून अंतर ओळखतो, त्या आवाजावरून नाव ठेवलं. चाळीस वर्षांनंतरही माझी सुरुवात त्यांच्याच कमांडने होते, याचा मला फार आदर वाटतो.

उत्तर नाही आलं तरी नकाराचे शब्द वाचा, ते वेगवेगळे असतात. ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ म्हणजे बाहेरचा रस्ताच संगणकाला माहीत नाही. मागच्या पायरीवर परत जा. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आणि त्याआधी आपलाच पत्ता, म्हणजे आपण हाक मारली पण घरातल्या जाळ्यात त्या पत्त्याचा कोणी सापडला नाही. काहीच न येता शेवटी ‘१००% पॅकेट लॉस’ म्हणजे हाक गेली, उत्तर परतलं नाही. ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ म्हणजे नाव सापडलं नाही, त्याबद्दल पुढे.

राउटर उत्तर देतो, १.१.१.१ देत नाही, आणि फोनवरही तसंच आहे: मग ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून त्याचं पान उघडा आणि वॅनची, म्हणजे कंपनीकडच्या बाजूची, स्थिती बघा. तिथे ०.०.०.० दिसत असेल तर राउटरला कंपनीकडून पत्ता मिळालेला नाही. लिनक्समध्ये करण्यासारखं काही उरत नाही.

नावं

आकड्यांना उत्तर मिळतं, पण साइट उघडत नाही. इथे माझी ती जुनी रात्र परत येते.

आपण नाव टाइप करतो, संगणक त्या नावाचा आकडी पत्ता एका सर्व्हरला विचारतो. ही डीएनएसची व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. त्याआधी त्या काळच्या जाळ्यातल्या सगळ्या यंत्रांची नावं एका फाइलमध्ये असत आणि ती फाइल सगळीकडे उतरवून घेत. त्या फाइलचा वंशज आजही प्रत्येक लिनक्समध्ये आहे, ईटीसीमधली होस्ट्स ही फाइल, आणि सहसा तीच आधी बघितली जाते. एकच साइट उघडत नसेल तर तिथे कोणी काही लिहून ठेवलंय का तेही बघा.

कोणत्या सर्व्हरला विचारायचं ते ईटीसीमधल्या रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलमध्ये असतं. ‘कॅट’ने ती वाचा. उबुंटू, मिंट, फेडोरा यांत तिथे १२७.०.०.५३ दिसेल. तो संगणकातलाच मध्यस्थ आहे, सिस्टमडी-रिझॉल्व्हडी. तो पुढे कोणाला विचारतो ते ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ सांगेल. नाव सापडतं का हे बघायला ‘जीईटीईएनटी होस्ट्स विकिपीडिया.ओआरजी’ मला आवडतं, कारण बाकीचे प्रोग्रॅम ज्या वाटेने जातात त्याच वाटेने ते जातं. ब्राउझरवर मात्र यासाठी विसंबू नका. फायरफॉक्ससारखे ब्राउझर नावं स्वतःच्या वेगळ्या मार्गाने विचारू शकतात, त्यामुळे ब्राउझर चालतो आणि टर्मिनल अडतं किंवा उलट होतं.

माझ्या फाइलमध्ये जुन्या राउटरचा पत्ता, १९२.१६८.०.१, लिहिलेला होता. राउटर बदलला, नव्याचा पत्ता १९२.१६८.१.१. फाइल मात्र नसलेल्या राउटरलाच विचारत राहिली. ओळ बदलायला गेले तर रूट असूनही ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. दोन वर्षांपूर्वीच्या त्या रात्री मी सल्ल्यातली ‘सीएचएटीटीआर +आय’ ही कमांड दिली होती. तिने फाइलला कुलूप लागतं आणि ‘एलएसएटीटीआर’ने बघितल्याशिवाय ते कुलूप दिसत नाही. ‘सुडो सीएचएटीटीआर -आय’ आणि फाइलचं नाव, की कुलूप निघालं. ही कमांड आजही लोक एकमेकांना सुचवतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, ती वापरू नका. सर्व्हर बदलायचाच असेल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीच्या आयपीव्ही४च्या पानावर जागा आहे, तिथे बदला. निदान नंतर दिसतो तरी.

प्रत्येक साइट साधारण पाच सेकंद थांबून मग झटकन उघडत असेल तर यादीतला पहिला सर्व्हर मेलेला आहे. लिनक्स त्याची पाच सेकंद वाट बघून दुसऱ्याकडे जातं. हे लक्षण एकदा ओळखता आलं की चुकत नाही.

सगळं ठीक, तरी पान उघडत नाही

घड्याळ बघा: ‘टाइमडेटसीटीएल’. माझ्या संगणकाच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली आणि तारीख कित्येक वर्षं मागे गेली. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रांना सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, त्यामुळे प्रत्येक साइट धोक्याची सूचना देऊ लागली. ‘सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू’ने घड्याळ जुळलं, पण खरा उपाय नवी बॅटरी हाच.

व्हीपीएन वापरत असाल तर ते पूर्ण बंद करून बघा. त्याने बदललेले रस्ते आणि नावांचे सर्व्हर कधी कधी मागे राहतात. ‘आयपी -बीआर ए’मध्ये ‘टीयूएन०’ किंवा ‘डब्ल्यूजी०’ अशी ओळ उरली असेल तर तोच माग.

सगळ्यात फसवा दोष पाकिटाच्या आकाराचा; माहिती नेटवर अशा छोट्या पाकिटांतून जाते. लक्षण असं: पिंग चालतं, काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात, छोटा मेल जातो आणि जोडपत्राचा जात नाही. इथरनेटवर एक पाकीट १५०० बाइटचं. राउटर पीपीपीओई पद्धतीने कंपनीशी जोडत असेल तर त्यातले ८ बाइट त्या वेष्टनात जातात आणि १४९२ उरतात. मोठं पाकीट वाटेत अडलं की “छोटं करून पाठवा” असा निरोप परत यायला हवा. मध्येच कोणी तो निरोप गिळला तर दोन्ही बाजू वाट बघत बसतात. तपासायला ‘पिंग -एम डू -एस १४७२ १.१.१.१’, यातला एम मोठा, एस लहान. १४७२ मध्ये मथळ्याचे २८ मिळवले की १५०० होतात. हे अडलं आणि १४६४ ने गेलं तर मर्यादा १४९२ आहे. राउटरमध्ये एमटीयूचा, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकाराचा, आकडा तेवढा करा. तिथे हात घालता येत नसेल तर नेटवर्कच्या जोडणीच्या सेटिंगमध्येही एमटीयूची चौकट असते.

‘पिंग -४’ चालतं आणि ‘पिंग -६’ चालत नाही, तरीही संगणकाकडे आयपीव्ही६चा, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा, बाहेरचा पत्ता आहे, असं दिसलं तर काही प्रोग्रॅम आधी त्या बंद वाटेवर ठेचकाळतात. राउटर पुन्हा चालू करूनही तसंच राहिलं तर त्या एका जोडणीपुरतं आयपीव्ही६ बंद ठेवा आणि वहीत लिहा, म्हणजे पुढे पुन्हा चालू करायची आठवण राहील.

वेग भरपूर, पण मुलगा मोठी फाइल चढवू लागला की माझा कॉल तुटतो, हे वेगळं प्रकरण. एका खिडकीत १.१.१.१ ला पिंग चालू ठेवा आणि दुसरीकडे फाइल चढवा. पिंगचा वेळ वीस मिलिसेकंदांवरून पाचशेवर गेला तर राउटर पाकिटांची लांबच लांब रांग लावतोय. राउटरमध्ये एसक्यूएम नावाची सोय असेल तर ती चालू करून वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या थोडी खाली ठेवा. नसेल तर फाइल चढवणाऱ्या प्रोग्रॅमलाच मर्यादा घाला.

दोष कंपनीच्या बाजूला निघाला तर फोन करण्याआधी केबलने जोडलेल्या यंत्रावरून पिंगचे आकडे, वेळ आणि दिव्यांचा फोटो घेऊन ठेवा. वायफायवरचे आकडे दिले की संभाषण वायफायवरच अडकतं. “राउटरला उत्तर मिळतंय, १.१.१.१ ला शंभर टक्के लॉस, वॅनचा पत्ता ०.०.०.०” एवढं वाक्य सांगितलं तर समोरचा माणूस पुढच्या पायरीपासून सुरुवात करतो, हा माझा अनुभव आहे.

वहीच्या मागच्या पानाला मी एक पेनड्राइव्ह चिकटवला आहे. नेट नसताना शोधता काहीच येत नाही, म्हणून त्यात दोन्ही यंत्रांच्या वायफाय कार्डांचं फर्मवेअर, यूएसबीवरून सुरू होणारं लिनक्स आणि सगळं ठीक असतानाचे ‘आयपी -बीआर ए’, ‘आयपी आर’ व ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’चे निकाल मजकुराच्या फाइलमध्ये ठेवले आहेत. दोष बसवलेल्या प्रणालीत की यंत्रात, असा प्रश्न पडला तर त्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा: तिथे नेट चाललं तर यंत्र आणि तार निर्दोष. ठीक असतानाचे निकाल दर सहा महिन्यांनी नव्याने उतरवते, राउटर बदलला की लगेच.